फ्रीजवरच्या रेघा

आमच्या फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली एक चौकटींचा कागद लावलेला आहे. गणिताच्या वहीच्या पानासारखा, पण ठळक रेघांचा, मधोमध एक काळा ठिपका. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तो माझ्या बायकोला दिला, तेव्हा वापरायची रीतही सांगितली. रोज सकाळी चष्मा लावून कागदापासून हातभर अंतरावर उभे राहायचे. उजवा डोळा तळहाताने झाकायचा. डाव्या डोळ्याने ठिपक्याकडे बघायचे आणि आजूबाजूच्या रेघा सरळ दिसतात की कुठे वाकलेल्या, ते सांगायचे.

उजवा डोळा नाही झाकला तरी चालले असते. तो साखरेने आधीच नेला होता, त्यातून तिला फक्त दिवस आणि रात्र कळायची. राहिला होता डावा. त्याच्या पडद्याला सूज यायची आणि ती ओसरावी म्हणून महिन्या-दीड महिन्याला डोळ्यातच इंजेक्शन द्यावे लागायचे. रेघा सरळ तोवर सूज आटोक्यात. "वाकलेली दिसली की त्याच आठवड्यात या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "उशीर झाला तर गेलेली नजर परत आणता येत नाही."

हे इंजेक्शन आमच्यासारख्यांना झेपणारे नाही. पण मी कंपनीत कामाला होतो आणि पगारातून कामगार विम्याचा हप्ता जात होता. विमा दवाखान्यातून चिठ्ठी घ्यायची, ती डोळ्यांच्या हॉस्पिटलात दाखवायची, बाकीचे सरकार बघायचे. इतकी वर्षे मला हे पगारातल्या एका कपातीपलीकडे काही वाटले नव्हते.

मी नगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला होतो. (आता शहराचे नाव अहिल्यानगर आहे. एसटीच्या पाटीवर नवे वाचतो आणि कंडक्टरला जुने सांगतो.) गाड्यांचे शाफ्ट आणि पिना आमच्याकडे व्हायच्या. माझ्या टेबलावर मायक्रोमीटर, डायल आणि माप तपासायच्या गेजांची एक लाकडी पेटी. मशीनवरून आलेला माल मोजायचा, बसेल तो पुढे, न बसेल तो मागे. या कामात माणूस लोकप्रिय होत नाही. माझी तशी अपेक्षाही नव्हती.

आमच्याकडे एक पद्धत होती. पाळी सुरू झाली की चांगला माल तपासायच्या आधी गेजमध्ये एक मुद्दाम चुकीचा तुकडा घालायचा. तो लाल रंगवलेला असे. त्याला रिजेक्ट मास्टर म्हणत. गेजने तो नाकारला तर गेज खरे. पण गेजने तोही पास केला, तर कालचा सगळा माल परत टेबलावर घ्यायचा, कारण आता कशाचीच खात्री उरलेली नाही. चांगल्याला चांगले कोणतेही गेज म्हणते. वाइटाला वाईट म्हणते का, ते बघावे लागते.

माझ्या टेबलाशेजारच्या मशीनवर श्रीगोंद्याकडचा एक टर्नर होता. घरची थोडी ऊसशेती, आई-बायको गावाला, हा नागापुरात खोली करून राहायचा. मी त्याचा माल परत पाठवायचो आणि दुपारी आम्ही एकाच डब्यात जेवायचो. तो मला मास्तर म्हणायचा. आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे आमच्याकडे मटण रविवारी, उपासनेहून आल्यावर. उरलेले सोमवारी माझ्या डब्यात यायचे.

"मास्तर, तुझ्या देवाला जरा सांग की," तो म्हणायचा. "ह्यो रईवार एक दिवस फुडं ढकल. सोमवारी माझा उपास असतो आन् तू म्होरं बसून नळ्या चोखतोस."

मग बायको त्याच्यासाठी वाटीभर मटण फ्रीजमध्ये ठेवू लागली आणि मी ते मंगळवारी न्यायचो. अशी आमची मैत्री होती. दुसरी मला नव्हती, आणि तिची गरजही वाटली नव्हती.

त्या वर्षी दिवाळीचा बोनस झाला आणि पंधरवड्यात आमच्या लाइनचे काम दुसरीकडे गेले. आम्हा चौदा जणांना ऑफिसात बोलावले. तिथला तरुण अधिकारी मला काका म्हणायचा. त्याने सगळ्यांपुढे एकसारखा छापलेला कागद ठेवला. 'वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने निवृत्ती घेत आहे.'

"शनिवारी कार्यक्रम ठेवलाय," तो म्हणाला. "शाल, श्रीफळ, ग्रूप फोटो. घरच्यांना घेऊन या सगळे. सन्मानानं निरोप द्यायचा आहे."

सगळे सह्या करत होते. मी विचारले, "माझं वैयक्तिक कारण काय?"

"म्हणजे?"

"मी तर जात नाहीये. काम गेलंय. मग हे वैयक्तिक कसं?"

"अहो काका, कागदावर चांगलं दिसतं एवढंच. कपात लिहिलं तर पुढं कोण नोकरी देईल?"

मला तेव्हा पुढचे काही माहीत नव्हते. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे एका माणसाने ते मान्य केले नाही. सरकारची काही मदत असते, ती कुणाला मिळते, कुणाला नाही, यातला एक शब्दही मी ऐकलेला नव्हता. जे घडले नाही त्याच्याखाली सही करवेना, इतकेच होते. सवयीचा भाग.

बाहेर आल्यावर टर्नरने मला जिन्यात गाठले. "आरं, हितंबी गेज लावतोस व्हय? दे की सही करून. काडून टाकलं म्हनलं की गावात इचारत्यात, काय चोरलं हुतं? सोडली म्हनलं की म्हनत्यात, बरं केलं गड्या, आता शेती बघ."

"मला शेती कुठंय?"

"मग निदान शाल तरी घे!" तो हसला. मी पण हसलो.

मी सही केली नाही. दोन-तीन चकरांनंतर मला वेगळे पत्र मिळाले, 'मनुष्यबळ कपातीमुळे सेवा समाप्त'. ते मी शनिवारीच, कार्यक्रम चालू असताना, बाजूच्या खिडकीतून घेतले. कँटीनमध्ये माईक लावला होता. एकेकाचे नाव घेत होते, टाळ्या होत होत्या. बायकामुले नटून आलेली. मी गाडी स्टँडवरून काढेपर्यंत तेरा वेळा टाळ्या ऐकल्या. मुद्दाम मोजल्या नाहीत, मोजल्या गेल्या.

घरी बायकोने मोरपंखी साडीला इस्त्री करून ठेवली होती. टर्नरच्या बायकोने तिला फोनवर कार्यक्रमाचे सांगितले होते. मीच काही बोललो नव्हतो.

"सगळ्यांना शाल आणि तुम्हाला नाही?"

"मी घेतली नाही."

"लोक असं थोडंच म्हणणार आहेत? लोक म्हणणार, यांना दिली नाही."

तिने साडी परत कपाटात ठेवली आणि त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही. सकाळी कागदासमोर उभी राहायची, "सरळ" म्हणायची, आणि कित्येक दिवस मला तिच्याकडून ऐकायला मिळालेला तेवढाच शब्द असायचा.

महिन्याने नाताळ आला. आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत 'ज्या बंधूची नोकरी गेली आहे त्याच्यासाठी' प्रार्थना केली. नाव घेतले नाही, तरी डोळे मिटायच्या आत पुढच्या दोन बाकांवरच्या माना माझ्याकडे वळल्या. नंतर आवारात लोकांनी नेहमीप्रमाणे सलाम केला, पण हात जरा लवकर सोडले. नोकरी गेलेल्याशी काय बोलावे, ते कुणालाच ठाऊक नसते. मलाही आधी नसायचे.

बायकोचा मोठा भाऊ संगमनेरला शिक्षक आहे. तो नाताळला सहकुटुंब आला. करंज्या खाता खाता त्याने भिंतीकडे बघितले.

"दाजी, फोटो कुठं लावला? त्या बाकीच्यांचे फोटो मोबाईलवर बघितले आम्ही. काय शाली होत्या!"

"मी नव्हतो त्यात."

"का बरं? काही भानगड?"

"भानगड नाही. कपात."

"कपात एकाची आणि बाकी तेरा जण सन्मानानं?" तो हसत म्हणाला. "शाळेत असं असतं बघा. सगळा वर्ग सुटतो आणि एकाला बाहेर उभं करतात. कारण असल्याशिवाय नाही."

बायको आत चहा ठेवायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

जानेवारीत इंजेक्शनच्या चिठ्ठीसाठी विमा दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या बाईंनी कार्ड बघून सांगितले, की ते जूनअखेरपर्यंत चालेल. हप्ता आधी जातो आणि हक्क मागून येतो, म्हणून नोकरी गेली तरी लगेच बंद पडत नाही. पुढचे मी विचारले. त्यांनी उलट विचारले, "नोकरी कशी गेली?"

मी पत्र आत सरकवले. त्यांनी ते वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितले. "कपात? मग इथं कशाला थांबलात? विम्याच्या ऑफिसात अर्ज करा. कंपनी बंद पडून किंवा कपातीत ज्यांचं काम गेलंय, त्यांना सरकार काही काळ भत्ता देतं. आणि तोवर घरच्यांचं औषधपाणीही चालू राहतं."

"सगळ्यांना?"

"ज्यांना काढलंय त्यांना. स्वतःहून सोडली असेल तर नाही."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. पहिला फोन बायकोला करायला हवा होता. मी टर्नरला केला. त्याला सगळे सांगितले आणि म्हणालो, आपण तेरा जणांचं काही करता येतं का ते कंपनीत जाऊन विचारू.

"आमची कार्डं चालू हायती की," तो म्हणाला. "परवाच आईच्या गोळ्या आनल्या. तू उगाच घोर लावू नगंस. तुला शाल घावली न्हाई म्हनून आता आमच्या शाली उसवतोस व्हय?" आणि नेहमीसारखा हसला. पण त्यानंतर त्याचे फोन कमी झाले.

मी अर्ज केला. त्याला वेळ लागला. मधल्या काळात मी नोकरी शोधत होतो. या वयाच्या माणसाला लोक खुर्ची देतात, पाणी देतात आणि कळवतो म्हणतात. दुपारी घरी आलो की डबा उघडायचो. घरात असूनही बायको डबाच भरायची, मीही तिला तसे करू नकोस म्हटले नाही. एकट्याला तो जास्त व्हायचा.

मे महिन्यात विम्याच्या ऑफिसातून बोलावणे आले. कंपनीने कॉम्प्युटरवर माझेही कारण इतर तेरा जणांसारखेच भरले होते, स्वेच्छानिवृत्ती. पत्र एक सांगते, नोंद दुसरे. तिथला कारकून वाईट नव्हता. म्हणाला, "कंपनीकडून नोंद दुरुस्त करून आणा, तुमचं काम झालंच म्हणून समजा."

कंपनीच्या गेटवर मला पहिल्यांदाच नाव लिहून आत जावे लागले. काका म्हणणारा अधिकारी म्हणाला, "सिस्टीममध्ये सगळ्यांचं एकदम भरलंय. एकाचंच बदललं तर वरून प्रश्न येतील. बघतो मी." पुढच्या वेळी तो मीटिंगमध्ये होता, त्यापुढच्या वेळी पुण्याला. त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर निरोप समारंभाचा मोठा फोटो फ्रेम करून लावला होता. मी तो फोटो बघत बसायचो आणि परत यायचो.

जून संपला आणि कार्ड बंद झाले.

डॉक्टरीणबाईंना जाऊन खरे सांगितले. त्यांनी डोळा तपासला. "आज ठीक आहे. थोडं थांबता येईल," त्या म्हणाल्या. "पण रेघांवर लक्ष ठेवा. वाकली की थांबू नका, पैशांचं मागून बघू." म्हणजे आता सगळे त्या कागदावर आले. रोज सकाळी मी श्वास धरून उभा राहायचो. ती म्हणायची, "सरळ." मग मी गॅस पेटवायचो.

त्याच आठवड्यात टर्नर घरी आला. उन्हातून आला होता, तरी बसला नाही. त्याच्या आईच्या हृदयाच्या गोळ्या आता बंद झाल्या होत्या, आणि कुठूनतरी त्याला कळले होते की माझा अर्ज चालू आहे.

"तुला ठावं हुतं," तो म्हणाला.

"काय?"

"ह्येच. काडल्यालं लिवलं की दवापानी चालू ऱ्हातंय. तुला तवाच ठावं हुतं. म्हनून सही केली न्हाईस."

"नव्हतं रे ठाऊक. जानेवारीत कळलं, तेव्हा लगेच तुला फोन केला."

"जानेवारीत! सही कवा झाली? मास्तर, तू कागूद वाचल्याबिगर बिडीचं बंडलसुदिक घेत न्हाईस. आन् ह्ये तुला ठावं नव्हतं? आमाला शाली गुंडाळू दिल्यास आन् सोता कडंला हुबा ऱ्हायलास."

बायको पाणी घेऊन आली. "भाऊजी, बसा तरी."

"नको वैनी. तुमचं चांगलं चाललंय, चालू द्या." पाणी मात्र प्यायला. पेला ठेवताना म्हणाला, "यवढी वर्सं एका डब्यात जेवलो, गड्या."

माझ्याकडे त्याला दाखवण्यासारखा एकही पुरावा नव्हता. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नव्हती, हे कशाने मोजून दाखवायचे? तो गेला आणि मी दारातच उभा राहिलो. जिन्यावरून त्याच्या पावलांचा आवाज येत होता, तो संपल्यावर खालच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकू आला.

जुलै असाच चालला होता. रोज सरळ, रोज सरळ. मग एक दिवस मी बायकोला चहा गाळताना बघितले. कपाच्या काठावर तिने डाव्या हाताचे बोट टेकवले होते आणि चहा बोटापर्यंत आला की ती थांबत होती. दुसऱ्या दिवशी तिने लसूण समजून आल्याचा तुकडा उचलला आणि वास घेऊन परत ठेवला. विचारले तर म्हणाली, "उजेड कमी आहे स्वयंपाकघरात."

उजेड तेवढाच होता.

मी जे केले ते सांगायला बरे वाटत नाही, पण मला दुसरी रीत येत नाही. ती बाजारात गेली असताना टेबलावर बसलो, पट्टी आणि काळे पेन घेतले आणि डॉक्टरीणबाईंच्या कागदासारखाच दुसरा कागद काढला. तेच माप, तितक्याच रेघा, तोच ठिपका. फक्त ठिपक्याच्या डावीकडच्या तीन रेघा मी फुगवल्या. थोड्या नाही, पोरालाही दिसतील इतक्या. सकाळी ती उठायच्या आत तो चुंबकाखाली लावला.

ती आली. चष्मा लावला, उजवा डोळा झाकला, बघितले.

"सरळ," ती म्हणाली.

मी गॅस पेटवला. काडी दोनदा विझली. कालचा सगळा माल परत टेबलावर आला होता. त्या महिन्यातली एकही सकाळ आता खरी धरता येत नव्हती.

चहा झाल्यावर मी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले आणि काय केले ते सांगितले. तिने दोन्ही कागदांवरून हात फिरवला, जणू फुगवटा बोटांना लागेल. मला वाटले ती रागावेल.

"कधीपासून?" मी विचारले.

"झाले पंधरा-वीस दिवस. मधलं सगळं हलतंय. पाण्याखाली असल्यासारखं."

"मग सरळ का म्हणत होतीस?"

"वाकडी म्हटलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी गाडी विकली असती. गाडी नसेल तर नोकरी शोधायला कसं जाणार? नाहीतर माझ्या भावाकडे गेला असता. त्यानं दिले असते पैसे, पण त्या शालीचं आणखी एकदा बोलून. मला ते ऐकायचं नव्हतं. तुम्हाला तिथं मान खाली घालून बसलेलं बघायचं नव्हतं. सरळ म्हटलं की दिवस निघून जायचा."

तेरा माणसांनी जे केले तेच माझ्या घरात चालले होते, आणि तेही माझा मान राखण्यासाठी.

थोड्या वेळाने ती उठली, आत गेली आणि मोरपंखी साडी नेसून आली. "चला," म्हणाली. "कंपनीत. मी पण येते."

गेटवरच्या वॉचमनने तिला बघून उभे राहून नमस्कार केला, तो मला एकट्याला कधी केला नव्हता. अधिकारी जागेवर होता. त्याने "या काकू" म्हणून खुर्ची पुढे केली आणि तेच बोलायला लागला, सिस्टीम, सगळ्यांचे एकदम, वरून प्रश्न. ती बसली नाही. त्याच्या टेबलाला वळसा घालून भिंतीवरच्या फोटोपाशी गेली. चेहरा काचेला लागेल इतकी जवळ जाऊन, उजवा डोळा झाकून, एकेका माणसावरून तिने नजर नेली. तिला चेहरे दिसत असतील असे मला वाटत नाही. शालींचे रंग दिसत असतील.

"यात हे आहेत का?" तिने विचारले.

"काका? नाही, ते त्या दिवशी..."

"किती जण आहेत?"

त्याने मान वळवून बघितले. "तेरा."

"मग यांचं कारण या तेरांमध्ये कसं गेलं? शाल दिली नाहीत ना यांना? मग शालीचं कारणही देऊ नका." ऑफिसातली टायपिंगची टकटक थांबली होती. तिचा आवाज चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका होता. "यांना काढलंय साहेब. यांनी सोडली नाही. काढलंय तसंच लिहा. मला त्याची लाज नाही. माझा हा एकच डोळा राहिलाय, आणि तो तुमच्या त्या सिस्टीमवर अडकलाय."

तो माझ्याकडे बघायला लागला. मग त्याने खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटर सुरू केला. दुरुस्तीचे पत्र शिक्का मारून तासाभरात हातात आले. जाताना तो म्हणाला, "काकू, सांभाळून जा, पायरी आहे." आवाजात चीड नव्हती. त्यालाही कुणीतरी वरचा असणारच.

गाडी मात्र विकावी लागली. विम्याचे काम होईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याच आठवड्यातले इंजेक्शन आम्ही स्वतःच्या पैशांनी घेतले. तिला हॉस्पिटलातून घेऊन रिक्षाने परत येताना तिने डोळ्यावरच्या पट्टीखालून विचारले, "गाडी कुणी घेतली?" मी म्हणालो, "चांगल्या माणसानं."

तीन आठवड्यांत मदत मंजूर झाली. भत्ता सुरू झाला आणि त्याहून महत्त्वाचे, कार्ड परत चालू झाले. खिडकीतल्या बाईंनी चिठ्ठी लिहिताना विचारले, "जमलं ना?" मला त्यांना पुष्कळ सांगावेसे वाटले. मागे रांग होती. "हो," म्हणालो.

त्यानंतरची इंजेक्शने वेळेवर झाली. सूज उतरली, पण सगळी नजर आली नाही. काही रेघा आता वाकड्याच राहणार, नवी वाकली तरच धावत या, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उशीर झाला त्या दिवसांत गेली ती गेलीच. ती आता कपाच्या काठावर बोट ठेवूनच चहा गाळते आणि मी त्याबद्दल बोलत नाही. सरकारी मदतीलाही शेवट आहे. त्याची तारीख मला पाठ आहे, तिने अजून विचारलेली नाही. त्याआधी विमा कापणारी एखादी नोकरी मिळायला हवी, मग ती कोणतीही असो.

पावसाळा सरल्यावर मी एसटीने टर्नरच्या गावी गेलो. रेशनकार्डावर मिळणाऱ्या दुसऱ्या सरकारी योजनेत त्याच्या आईचे उपचार बसतात का, याची चौकशी मी करून ठेवली होती. फोन तो उचलत नव्हता, म्हणून स्वतः गेलो. तो उसाला पाणी द्यायला गेला होता, निदान त्याच्या बायकोने तसे सांगितले. ओसरीवर त्याची म्हातारी आई बाजेवर बसली होती, अंगाभोवती ती शाल. जरीकाठाची, चांगली जाड होती.

"कोन हाय?" तिने विचारले.

"कंपनीतला, आई. डब्यातला."

"मास्तर व्हय? लई नाव काडायचा तुमचं." मग शाल सावरत म्हणाली, "आता न्हाई काडत."

मी योजनेचे सगळे त्याच्या बायकोला समजावून सांगितले, कुठे जायचे, काय न्यायचे. तिने दोनदा विचारून घेतले. चहा घेतला. मोटारीचा आवाज जवळच्याच शेतातून येत होता. परतीच्या एसटीची वेळ होईपर्यंत मी फाट्यावर थांबलो. तो आला नाही. आईचे काम झाले असे पुढे त्याच्या बायकोने माझ्या बायकोला कळवले. त्याने नाही.

आमची सकाळ अजून कागदासमोरच सुरू होते. मी काढलेला वाकडा कागद मी फाडणार होतो, तिने फाडू दिला नाही. तो खऱ्याच्या मागेच चुंबकाखाली आहे.

आजही ती आली, चष्मा लावला, डोळ्यावर हात ठेवला आणि बघायच्या आधी विचारले, "कुठला लावलाय? डॉक्टरीणबाईंचा का तुमचा?"

"डॉक्टरीणबाईंचा."

"मग दोन वाकड्या आहेत," ती म्हणाली. "कालच्याच."

मी चहा ठेवला.